पेठेतला जुना फ्लॅट पूर्ण रिकामा करून देण्याचा दर: १८ हजार, ३२ हजार की ‘फुकट’?

तिसरा_मजला

पुणे, सदाशिव पेठ. इमारत १९७८ची, तिसरा मजला, लिफ्ट नाही. साधारण साडेसहाशे चौरस फूट, दोन माळे, शिवाय गॅलरीच्या टोकाला दार लावून केलेली अडगळीची खोली. इमारत पुनर्विकासाला गेली आहे, २५ दिवसांत रिकामा ताबा द्यायचा आहे. नव्या जागेत यातलं जवळजवळ काहीच न्यायचं नाही.

सामान: गोदरेजची दोन लोखंडी कपाटं (एकाची किल्ली नाही), दोन सागवानी पलंग, झोपाळा, पाच जणांचा सोफा, जेवणाचं टेबल आणि सहा खुर्च्या, भिंतीला ठोकलेलं प्लायचं वॉर्डरोब, चार कापसाच्या आणि एक काथ्याची गादी, फ्रिज, वॉशिंग मशीन, जुना डबा टीव्ही, स्प्लिट एसी, माळ्यावर पितळी-तांब्याची भांडी, बंब, आणि पुस्तकं-रद्दी दीडेकशे किलो.

तिघांनी बघून आकडे दिले:
अ) १८,००० रुपये, भंगार त्यांचं.
ब) ३२,००० रुपये बिलासकट, झाडून देणार, भंगाराचे पैसे वजनाप्रमाणे आपल्याला.
क) फुकट. उलट तेच ३,००० देणार, ‘घरात असेल ते सगळं आमचं’.

एवढा फरक कसा? रास्त दर काढायचा कसा?

चारशेसात

या कामाचा दर चौरस फुटावर ठरत नाही, घनफूट, जिना आणि वर्गवारी या तिन्हींवर ठरतो. तुमच्या यादीवरून अंदाज मांडतो.

कपाटं दोन मिळून ६२ घनफूट, पलंग सुटे करून ४०, सोफा ९०, वॉर्डरोब तोडल्यावर ६०, गाद्या ७०, फ्रिज आणि मशीन ४५, टेबल-खुर्च्या ७०, भांड्यांच्या गोण्या ५०, कागद ४०, माळे-अडगळ १५०. झाले ६७७. चारशेसातचा (टाटा ४०७ गाडीचा) हौदा १० फुटी, साडेपाच फूट उंचीपर्यंत रचला तर ३०० घनफूट बसतं. छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो) तसाच रचून १७५. म्हणजे चारशेसातच्या दोन खेपा आणि छोट्या हत्तीची एक. कोणी ‘एका गाडीत होईल’ म्हणालं तर त्याने माळे उघडून बघितलेले नाहीत.

आता माणसं. तीन मजले गोणी घेऊन खाली आणि रिकाम्या हाताने वर, यात ६ मिनिटं जातात. ८० गोण्या म्हणजे एका माणसाचे ८ तास. मोठे नग ३० धरा, दोघं मिळून नगाला १२ मिनिटं, हे १२ तास. सुटं करणं-तोडणं ८, वर्गवारी आणि गोण्या भरणं १४, गाडीत रचणं ८. एकूण ५०. चार माणसं दोन दिवस, रोज प्रत्यक्ष काम ७ तास, म्हणजे ५६. बसतंय.

हजेरी ९०० × ४ × २ = ७,२००
मुकादम (वर्गवारी तोच करतो) १,५०० × २ = ३,०००
गाड्या ३,००० × २ + १,८०० = ७,८००
जुन्या गोण्या ८० × १० = ८००
प्लाय, फोम, काच टाकण्याचा खर्च २,०००

बेरीज २०,८००. त्यावर १५ टक्के नफा आणि जोखीम धरली की २४ हजारांच्या आसपास. नोंदणी असलेला माणूस बिल देणार, १८ टक्के जीएसटी लागला की २८,३००. तेव्हा ब चा आकडा थोडा ताणलेला आहे, लूट नाही. हजेरी आणि गाडीभाडं भागाप्रमाणे थोडं खालीवर होईल, पण मांडणी हीच.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. गाडी दारापर्यंत येते का? पेठेतल्या बोळात ५०-६० मीटर वाहून न्यायचं असेल तर एक माणूस वाढवा. चारशेसात सकाळी साडेसातच्या आत लावून भरायला घ्या, नंतर गर्दीत उभी करायला जागा मिळत नाही आणि थांबण्याचं भाडं तुमच्या माथी.

वजनकाटा

चारशेसात यांनी खर्चाची बाजू मांडली, मी जमेची मांडतो. दर आठवड्याला हलतात, त्यामुळे हे आकडे मांडणीपुरते. दुकानावर चौकशी करून स्वतःचे घाला.

कपाटं भंगारात: १७० किलो × २८ = ४,७६०
रद्दी-पुस्तकं: १५० × १३ = १,९५०
पितळ: १८ × ४२० = ७,५६०
तांबं: ६ × ६५० = ३,९००
स्टील: २५ × ४५ = १,१२५
ॲल्युमिनियम: ८ × १२० = ९६०
फ्रिज आणि मशीन: २,०००

एकूण २२,२५५. भांड्यांची वजनं मी अंदाजाने धरली आहेत. सागवान आणि झोपाळा यात नाही.

आता तिन्ही दर पुन्हा वाचा. अ तुमच्याकडून १८,००० घेणार आणि २२,२५५चा माल नेणार, म्हणजे त्याच्या हातात ४०,२५५. ब चा निव्वळ खर्च ९,७४५. ब पेक्षा स्वस्त वाटणारा अ सगळ्यात महाग आहे.

मुळाकाठ

आणि गंमत म्हणजे बहुतेक लोक अ लाच काम देतात, कारण मधला आकडा बरा वाटतो.

तिसरा_मजला

हे डोक्यातच आलं नव्हतं. मग क का नको? त्याचा हिशेब तर अ पेक्षा चांगला दिसतो.

वजनकाटा

कागदावर अ पेक्षा चांगला आहे, ब पेक्षा नाही, आणि तोही शब्दाला जागला तर. पण ‘सगळं आमचं’ याचा अर्थ ‘सगळं नेणार’ असा होत नाही. पहिल्या दिवशी धातू, कपाटं, फ्रिज, एसी आणि सागवान खाली उतरतं. दुसऱ्या दिवशी फोन लागत नाही. मागे उरतात सोफा, गाद्या, प्लाय, फुटक्या बरण्या, थर्माकोल आणि माळ्यावरचा कचरा. हे सगळं उणे किमतीचं सामान: विकत घ्यायला कोणी नाही, टाकायलाच पैसे लागतात. घनफुटात ते निम्म्याच्या आसपास भरतं. ताब्याला चार दिवस उरलेले असताना एवढ्यासाठी वेगळा माणूस शोधला की तो ८-१० हजार सांगतो आणि ते द्यावे लागतात.

फुकटवाल्याला काम द्यायचंच असेल तर क्रम उलटा ठेवा. पहिली गाडी गाद्या-सोफा-प्लायची, धातू शेवटच्या गाडीत. या अटीवर तो तयार झाला तर माणूस खरा. बहुतेक जण इथेच गळतात.

आता काट्याबद्दल, कारण ब निवडलात तर सगळा खेळ तिथेच.

टांगता स्प्रिंगचा काटा असेल तर सरळ नको म्हणा. डिजिटल काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का बघा. रिकाम्या काट्यावर शून्य आहे का ते प्रत्येक वजनाआधी बघा, एकदाच नाही. चोरी बहुधा टक्क्यात असते, त्यामुळे किलोभर साखरेची पुडी ठेवून काही कळत नाही; १०० ग्रॅमचा फरक कोणाच्या नजरेत भरणार? मोठं वजन हवं. घरात गॅसचा भरलेला सीलबंद सिलिंडर असेल तर तोच घ्या. वरच्या कड्याच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा. तेवढा आकडा काट्यावर दिसला पाहिजे. ३० किलोला ३ किलो कमी दाखवणारा काटा लगेच पकडला जातो.

भांडी देताना चार ठिकाणी फसगत होते:

कल्हई केलेलं पितळी पातेलं आतून पांढरं दिसतं. ते ‘जर्मल’ म्हणून ॲल्युमिनियमच्या ढिगात जातं. बुडाशी खिळ्याने ओरखडा काढा, पिवळं दिसलं की पितळ.

काशाच्या वाट्या आणि ताटं पितळेत मिसळतात. काशाचा दर पितळेपेक्षा चढा असतो. टिचकी मारली की काशाचा नाद लांबतो, पितळेचा लवकर बसतो.

बंबाला लोखंडी जाळी, पाय आणि आत क्षाराचा थर असतो. दुकानदार सरसकट ‘घट’ म्हणून दोन-तीन किलो कापतो. जाळी आणि पाय आधीच सोडवा, क्षार ठोकून पाडा, मग घट मागायला कारण उरत नाही.

सगळ्यासाठी लोहचुंबक खिशात ठेवा. पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड आणि खरं पितळ एका सेकंदात वेगळं होतं.

कागदपत्री

मंडळी, धातूचा हिशेब होईल तेव्हा होईल. कामगार घरात पाय ठेवण्याआधी कागद निघाले पाहिजेत. दीडशे किलो रद्दीचे दोन हजार येतात. त्यात गेलेल्या एका कागदासाठी दोन वर्षं खेटे घालावे लागतात.

कुठे बघायचं: कपाटाच्या फळ्यांवर अंथरलेल्या कागदाखाली, देवघराच्या मागे आणि खालच्या खणात, पोथ्यांच्या फडक्यात, साड्यांच्या घड्यांत, दिवाळी अंकांच्या मधल्या पानांत, जुन्या कॅलेंडरच्या गुंडाळीत, भिंतीवरच्या फोटोंच्या फ्रेममागे, गादीच्या खोळीत, पिठाच्या रिकाम्या डब्यांत. गोदरेजच्या तिजोरीच्या खणामागे चोरकप्पा असू शकतो, खण पूर्ण बाहेर काढून हात घाला.

काय बाजूला ठेवायचं: फ्लॅटचा मूळ करारनामा, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), सोसायटीचा भाग दाखला म्हणजे शेअर सर्टिफिकेट (पुनर्विकासाच्या करारात हा लागतोच), गावाकडचे सातबारे आणि फेरफार, विमा पॉलिसी, पोस्टाची सर्टिफिकेटं, पेन्शनचे कागद, शाळा सोडल्याचे दाखले.

कंपन्यांची कागदी शेअर सर्टिफिकेटं निघाली तर ‘जुनी आहेत, बाद झाली’ म्हणून फेकू नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, पण वारसाच्या नावावर चढवून डीमॅट करून घेता येतात. लाभांश सलग सात वर्षं उचलला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफकडे (गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे) गेलेले असतात, तिथूनही परत मिळतात. त्यासाठी फोलिओ नंबर लागतो, आणि तो त्या जुन्या कागदावरच असतो.

नोटा सापडल्या तर: २०१६ मध्ये बंद झालेल्या ५०० आणि १,०००च्या नोटा १०पेक्षा जास्त बाळगणं २०१७च्या कायद्याने गुन्हा आहे. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी जास्तीत जास्त २५ ठेवता येतात. २,०००ची नोट मात्र चलनातून मागे घेतली तरी बाद झालेली नाही, रिझर्व्ह बँकेच्या १९ इश्यू कार्यालयांत आजही घेतात. आपल्याकडे मुंबई, बेलापूर आणि नागपूर. टपालानेही पाठवता येते.

मोडी कागद किंवा पोथ्या असतील तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. सुती कापडात गुंडाळा आणि भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा, तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १०० वर्षांपेक्षा जुनी मूर्ती वा कलावस्तू आणि ७५ वर्षांपेक्षा जुनं हस्तलिखित १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतं. ‘अँटिक’ म्हणून घरी येऊन रोख देणाऱ्याला ते परस्पर विकण्याच्या भानगडीत पडू नका. हरणाची शिंगं किंवा मृगाजिन निघालं तर ते भंगारात देऊच नका, वनखात्याला कळवा. वन्यजीव कायद्यात ‘आजोबांचं होतं’ हे उत्तर चालत नाही.

२५ दिवसांपैकी पहिले सहा-सात दिवस यालाच द्या. मजूर लावून हे होत नाही.

सेक्रेटरी_बिनपगारी

पुनर्विकास आहे म्हणताय तर एक मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून निसटला. ही इमारत पडणार आहे. फ्लॅट विकताना प्रत्येक खिळा काढून द्यावा लागतो, इथे तसं असेलच असं नाही.

विकासकाशी झालेल्या करारात दोन गोष्टी शोधा. एक, ‘रिकामा ताबा’ याची व्याख्या. दोन, पाडकामाच्या मालावर हक्क कोणाचा. बहुतेक करारांत दारं, चौकटी, खिडक्या, ग्रिल हे इमारतीबरोबर विकासकाकडे जातं, आणि पंखे, गीझर, एसी यांसारखं सुटं सभासद नेऊ शकतो. तेव्हा सागवानी चौकटी उखडून विकायचा मोह आवरा. पाडकाम ठेकेदाराने इमारतीचा भाव त्या धरूनच दिलेला असतो.

याची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची. भिंतीला ठोकलेलं प्लायचं वॉर्डरोब, माळ्यांची दारं, किचनच्या ट्रॉल्यांचे सांगाडे जागेवरच ठेवायला विकासकाची हरकत आहे का, ते विचारा. पाडकामवाला ते मशीनने एका दणक्यात काढतो, त्याच्या दृष्टीने काही खर्च नाही. हो म्हणाले तर ईमेलवर घ्या, साइटवरच्या सुपरवायझरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. वॉर्डरोबचे ६० घनफूट आणि तोडण्याचे चार-पाच तास वाचले. सोफा-गाद्या मात्र ठेवून देऊ नका, त्यावरून ताबापावती अडते.

करारात स्थलांतराचे एकरकमी पैसे ठरलेले असतात. ते गाडी-हमालीसाठीच असतात, बऱ्याच सभासदांना हे लक्षातच राहत नाही.

वीजमीटरला कामगारांचा हात लागू देऊ नका. मीटर महावितरणचा आहे. पाईप गॅस असेल तर अर्ज करून जोडणी बंद, अंतिम बिल आणि अनामत परत, या क्रमाने. सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचा असतो, भंगारात देता येत नाही. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करायचा, सोबत मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर. त्यावर लिहिलेली अनामत परत मिळते. व्हाउचर हरवलं असेल तर एजन्सी प्रतिज्ञापत्र मागते, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

सागवान_की_प्लाय

फर्निचरचं लिहितो, खरी रक्कम तिथे आहे आणि तीच सगळ्यांत आधी हातातून जाते.

आधी ते सागवान आहे का बघा. पॉलिशवरून काही कळत नाही. पलंगाच्या पाठीमागे, जिथे पॉलिश नाही, तिथे ब्लेडने थोडं खरवडा. सोनेरी तपकिरी रंग, हाताला किंचित तेलकटपणा, कातड्यासारखा वास आला तर सागवान. त्याहून बरंच जड आणि काळसर जांभळं निघालं तर शिसवी, ती सागवानाच्या भावात देऊ नका. पायांखाली पिठासारखी बारीक भुकटी पडलेली असेल तर भुंगा आहे. असा नग वेगळा ठेवा, नाहीतर गिऱ्हाईक तो दाखवून सगळ्याच लॉटचा भाव पाडतं.

पलंग सुटा करताना हातोडीने फोडायची घाई होते आणि तिथेच किंमत निम्मी होते. बाजूच्या पट्ट्या दोन्ही टोकांच्या फळ्यांत लोखंडी हुकांवर बसवलेल्या असतात. खालून लाकडी ठोकळा लावून वर ठोका, पट्टी सुटते. स्क्रू गंजले असतील तर थेंबभर रॉकेल किंवा गंज सोडवायचं तेल सोडून अर्धा तास थांबा, मग आधी पाव फेरा आवळा आणि नंतर सोडवा. उलटं सुरू केलं की डोकं उडतं. प्रत्येक सांध्याला खडूने नंबर टाका (अ-अ, ब-ब). घेणाऱ्याला जोडून बघता आलं पाहिजे, सुट्या फळ्यांना तो जळणाचा भाव लावतो.

गोदरेजचं कपाट साडेसहा फूट उंच, वजन ऐंशी-नव्वद किलो. भंगारात २,३००-२,४००, पण रंग बरा, किल्ली जागेवर आणि दार नीट लागत असेल तर अख्खं वापरायला घेणारे साडेतीन ते सहा हजार देतात. म्हणून किल्ली नसलेल्या कपाटावर कटर चालवू देऊ नका. किल्लीवाला बोलवा, चार-पाचशे रुपयांत किल्ली होते. आणि आत काय आहे ते बघितल्याशिवाय कपाट देणार कसं?

उतरवताना आतले खण आणि आरसा काढा, दारं सुतळीने नाही, पट्ट्याने बांधा. जिन्यात कपाट पाठीवर आडवं, दोघं खाली आणि एक वर. खालच्यांवर वजन जास्त येतं, तिथे दणकट माणसं ठेवा. जुन्या जिन्यांच्या वळणावर साडेसहा फुटी नग आडवा फिरत नाही, तिथे उभा करून फिरवावा लागतो. छत खाली असेल तर तेही जमत नाही. आधी टेपने मोजा. तेव्हा ते वर गेलं कसं, याचं उत्तर बहुतेकदा ‘गॅलरीतून, दोरांनी’ असं असतं, आणि खालीही तसंच येतं. त्याचे वेगळे पैसे पडतात.

विक्री: टेबल-खुर्च्या, पलंग, झोपाळा यांचे उजेडात काढलेले फोटो, लांबी-रुंदी इंचात, आणि ‘तिसरा मजला, लिफ्ट नाही, उतरवणं घेणाऱ्याकडे’ हे ठळक लिहून दहा दिवस आधी टाका. बारीकसारीक पितळी वस्तू, जुनी घड्याळं, कंदील यांना मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराचा अंदाज घ्या, बुधवार आणि रविवारी भरतो. तिथल्या माणसाला घरी बोलावण्याआधी एकदा नुसतं फिरून या. भाव विचारायचा, विकायचं नाही.

कापसाच्या गाद्या फेकू नका. कापूस चांगला असेल तर गादीवाला तो पिंजून घेण्यासाठी नेतो. पैसे फार देणार नाही, पण ७० घनफुटांपैकी बराच भार कमी होतो. काथ्याच्या गादीला आणि फोमला कोणी वाली नाही.

गिरगाव_ते_ठाणे

मुंबईकरांसाठी पुस्ती. इथे मजुरीपेक्षा सोसायटीचे नियम महाग पडतात. सामान हलवायच्या वेळा ठरलेल्या, रविवारी काम बंद, लिफ्टला आतून गाद्या-पुठ्ठे लावायचे, वर परत मिळणारी अनामत. दहा ते पाच एवढीच वेळ असेल तर दोन दिवसांचं काम तीन दिवस जातं. दर मागताना हे नियम ठेकेदाराला आधी पाठवा, नाहीतर वाढीव दिवसाची हजेरी तुमच्याकडे येते.

फर्निचरसाठी ओशिवऱ्याचा बाजार, जुन्या वस्तूंसाठी चोरबाजार. चोरबाजार शुक्रवारी बंद असतो, फेरी वाया घालवू नका. फरशी किंवा ओटा फोडला असेल तर ते डेब्रिज (राडारोडा), घरसामानाच्या गाडीत जात नाही. महापालिकेच्या ‘डेब्रिज ऑन कॉल’कडे नोंदवावं लागतं.

लेस्टरकर

थोडं अवांतर. इकडे इंग्लंडमध्ये घर रिकामं करून देणारी फर्म कचरा-वाहतूकदार म्हणून नोंदणीकृत आहे का हे घरमालकाने तपासायचं असतं. तसं न करता कोणाला सामान दिलं आणि त्याने ते रस्त्याकडेला टाकलं तर घरमालकालाही ६०० पौंडांपर्यंत जागेवर दंड होऊ शकतो. जुन्या सोफ्यांच्या फोममध्ये घातक रसायनं असतात म्हणून २०२३ पासून ते वेगळे गोळा करून जाळावे लागतात. त्यामुळे सोफ्याचे पैसे बिलात वेगळे दिसतात.

चारशेसात

सोफा इकडेही सगळ्यांना नकोसाच असतो, फक्त बिलात दिसत नाही. रात्री नदीकाठी किंवा टेकडीच्या पायथ्याशी पडलेले सोफे तुम्ही बघितले असतील, ते असल्याच स्वस्त दरांतून आलेले असतात. म्हणून माझ्या हिशेबात दोन हजार वेगळे लिहिलेत. ते ज्याच्या हिशेबात नाहीत त्याला विचारा, ‘सोफा कुठे उतरवणार?’ गोलमाल उत्तर आलं की समजून जा.

वायरमन_जोशी_नव्हे

विजेच्या वस्तूंचं राहिलं.

स्प्लिट एसी: भंगारवाला पाइप कापतो, फुस्स करून गॅस उडतो. एसीची किंमत जाते आणि हवेत नको ते मिसळतं. मेकॅनिककडून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्या. कूलिंग चालू ठेवून आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद, गेजवरचा दाब उतरला की जाड पाइपचा बंद, लगेच मशीन बंद. हजारभर रुपये लागतात, पण चालू एसी म्हणून विकता येतो. तांब्याचा पाइप वेगळा काढून घ्या, तो एसीबरोबर फुकट जातो.

फ्रिज: आदल्या रात्री बंद करून दार उघडं ठेवा. उभाच न्या. पाठीमागच्या नळीला कोणी हात लावणार नाही हे सांगा.

डबा टीव्ही: पाठीमागची तांब्याची गुंडाळी काढून काच कचऱ्यात फेकतात. त्या काचेत शिसं असतं. टीव्ही अख्खाच ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेची व्ही-कलेक्ट सेवा आहे, त्यांना वापरता येण्याजोगे कपडे-वस्तूही चालतात. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, त्या गोणीत कोंबू नका. पुठ्ठ्याच्या मूळ खोक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून उभ्या न्या.

इन्व्हर्टरची बॅटरी आडवी करू नका, ॲसिड सांडतं आणि गोणी, हात दोन्ही भाजतात. ती वजनावर वेगळी विकली जाते. नवी घेणार असाल तर दुकानदार जुनीचे पैसे वळते करतो, भंगारापेक्षा तो भाव बरा असतो.

तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार. विकासकाकडून वॉर्डरोब आणि ट्रॉल्या ठेवायची परवानगी ईमेलवर मिळाली. आता विचार असा: पहिले सात दिवस कागद, मग धातू स्वतः विकायचे, सागवान आणि कपाटं फोटो टाकून, आणि उरलेल्याला माणसं-गाडी. मग ब ला अजून ३२ हजार द्यायचे का?

चारशेसात

मुळीच नाही. त्याला परत बोलवा आणि उरलेल्यावर नवा दर मागा. सोफा, एक काथ्याची गादी, किरकोळ खुर्च्या, माळ्यावरची अडगळ, बरण्या, प्लॅस्टिक, जास्तीत जास्त साडेतीनशे घनफूट. चार माणसं एक दिवस ३,६००, चारशेसातची एक खेप ३,०००, छोट्या हत्तीची एक १,८००, गोण्या ४००, टाकणावळ १,५००. झाले १०,३००. त्याच्या नफ्यासकट बारा हजार म्हणाला तर हो म्हणा. धातूच्या भांड्यांचेच तुमच्याकडे तेरा-साडेतेरा हजार आलेले असतील.

तारीख मात्र ताब्याच्या आदल्या दिवसाची ठेवू नका. किमान चार दिवस आधी. पाऊस, गाडी बंद, मजूर गावाला, यातलं काहीतरी होतंच.

आणि कागदावर एवढं लिहून घ्या: कोणत्या खोल्या आणि किती माळे, काय ठेवायचं आहे (त्यावर लाल चिकटपट्टी लावा, तोंडी सांगू नका), खेपांची संख्या गृहीत किती आणि जास्त लागली तर खेपेला किती, जिना किंवा शेजाऱ्यांच्या दाराचं नुकसान कोण भरणार, सापडलेले पैसे, दागिने, कागद मालकाचे, आगाऊ २० टक्के, अर्धे पहिली गाडी भरल्यावर, उरलेले खोली झाडून झाल्यावर.

मुळाकाठ

झोपाळ्याचं काय झालं? कड्या पितळी आहेत का?

तिसरा_मजला

पिवळ्या दिसतात. चुंबक चिकटत नाही, पण वरच्या हुकांना चिकटतो.

वजनकाटा

हुक लोखंडीच असतात, वजन पेलायला. कड्या पितळी आहेत. चार साखळ्या मिळून आठ-दहा किलो सहज भरतील, म्हणजे भंगारातच साडेतीन-चार हजार. पण साखळ्या सोडून नुसती फळी विकू नका, झोपाळा अख्खा जातो तेव्हाच त्याला किंमत येते. छतातले हुक तसेच राहू द्या, ते स्लॅबमध्ये आहेत आणि आता विकासकाचे.

सागवान_की_प्लाय

फळीची जाडी मोजून इथे टाका. दीड इंच किंवा जास्त आणि एकाच तुकड्याची असेल तर घाईने भाव सांगू नका.

तिसरा_मजला

पावणेदोन इंच. मधे जोड दिसत नाही. खालून बघून परत कळवतो.